काहीच दुखत नाही

सकाळपासून वैजयंती घोरपडेचं काहीच दुखत नव्हतं, म्हणूनच तिला खुर्चीत बसवत नव्हतं. कामगारांच्या मनगटावरचे पट्टे त्यांची दुखणी थेट तिच्या अंगात पोचवायचे. मग कुणाला कधी विश्रांती द्यायची, ते ती ठरवायची. कारखान्यातली सर्वांत चांगली मॅनेजर म्हणून तिचं नाव होतं.

ती धावतच खाली गेली. सगळे पट्टे शेवंताबाईंच्या जेवणाच्या डब्यात होते.

"मॅडम, आज तुमची बढतीची मुलाखत ना," शेवंताबाई म्हणाल्या. "म्हटलं, आजच्या दिवस तरी आमचा ताप नको."

"अहो, पण आत्ता कुणाला काय होतंय?"

"काही नाही, मॅडम," सगळ्याजणी हसून म्हणाल्या.

वैजयंती एकेक चेहरा निरखत राहिली. नऊ वर्षं या बायकांसोबत काढूनही त्यातलं कुठलं हसू खरं, ते तिला कळेना.