कुणाचं सांगणं

“पाण्यात उतरायच्या आधी हे सोडावं लागेल, सिस्टर,” सोमशेखर म्हणाला आणि त्याने तिच्या मांडीवरच्या सुपाकडे बोट दाखवलं.

भुवनेश्वरीचे हात थांबले नाहीत. पानात तंबाखू, चिमटीत वळण, वर दोरा, झाली विडी. अर्ध्या गल्लीची चूल याच कामावर पेटते. येत्या रविवारी तिचा बाप्तिस्मा ठरला होता. सोलापुरातली ही मॉर्मन पंथाची ख्रिस्ती मंडळी, एकमेकांना ब्रदर-सिस्टर म्हणणारी, इनमिन दोन बाकांवर मावतील एवढी. तिच्यामुळे तिसरं बाक लागणार म्हणून सगळे खुशीत होते. सोमशेखर त्यांचा अध्यक्ष. चहा, दारू, तंबाखू वर्ज्य, हा त्यांचा नियम. पाहुण्यांना चहा विचारायची सोय नाही, म्हणून तिने सरबत केलं होतं. त्याची बायको महेश्वरी ते पीत होती.

“मी ओढत न्हाय की, ब्रदर.”

“पण वळता ना? लोक ओढतात ते तुमच्या हातचंच.”

“वळायचं न्हाय असं ग्रंथात लिवलंय?”

“तसं नाही. पण...”

“मग हे तुमी म्हनताय का देव म्हनतोय?”

सोमशेखरला ठसका लागला. दर रविवारी तोच उभा राहून सांगायचा, माझ्या शब्दावर विसंबू नका, स्वतः गुडघे टेका, देव ज्याचं उत्तर त्याला देतो. शिकवलेलं इतक्या लवकर अंगावर येईल असं बिचाऱ्याला वाटलं नव्हतं.

“मी देवाला इचारलं,” ती म्हणाली. “बाप्तिस्मा घे म्हनला. विडीचं कायबी बोलला न्हाय. तुमाला बोलला आसंल तर सांगा. ह्ये बगा, ठेवलं.”

तिने सूप बाजूला सरकवलं आणि रिकामे हात मांडीवर घेऊन बसली. ते हात रिकामे त्याने कधी पाहिलेच नव्हते. आता एक ‘हो’ पुरेसा होता. ती खरंच सोडणार, हे त्याला कळत होतं. आणि सोडलं तर उद्यापासून या घरात काय शिजेल, हेही. त्याला एकाएकी स्वतःच्या जिभेची भीती वाटली.

“थांबा,” तो म्हणाला आणि त्याने तिथेच फरशीवर गुडघे टेकले. डोळे मिटून त्याने मनातल्या मनात विनवलं, एवढं एकदा माझ्या बाजूने बोल. बाहेरून भाजीवाला ओरडत गेला. आत तंबाखूचा वास नाकात चढला आणि अध्यक्षांना सणसणीत शिंक आली. दुसरं काहीच आलं नाही.

तो उठला. महेश्वरी ग्लासातच बघत होती.

“मला काही सांगितलेलं नाही,” तो हळूच म्हणाला. “ते माझंच मत होतं.”

भुवनेश्वरीने मान डोलावली आणि सूप परत मांडीवर ओढलं. “मग रविवारी येऊ न्हवं?”

“या की. कोरड्या कपड्यांचा एक जोड आणा.”

गल्लीत आल्यावर महेश्वरीला त्याच्या पॅंटच्या दोन्ही गुडघ्यांवर तंबाखूची भुकटी दिसली. ती झटकायला वाकली. तो मागे सरकला.

“अहो, संध्याकाळी मंडळींच्या वर्गाला शिकवायला असेच जाणार?”

“असाच,” तो म्हणाला.