पाण्यातली रोपं

नळीतलं पाणी पुन्हा लाल झालं. दानेश्वरीनं ती खिडकीच्या उजेडात धरून रंगांच्या तक्त्याशी ताडून पाहिली. मागच्या आठवड्यासारखाच गडद लाल. टाकीत खाणं कुजत असलं की नळी अशी लाल होते. पण टाकीत खाणं टाकतंय कोण? ती तर कणभरही टाकत नव्हती.

बसवकल्याणच्या त्यांच्या घरात, बैठकीच्या कोपऱ्यात ही दोन फुटांची काचेची टाकी होती. आत खारं पाणी, वर निळा दिवा आणि दगडावर झेनिया नावाचं मऊ प्रवाळ. त्याच्या देठादेठाला इवले पंजे, आणि ते दिवसभर मिटत-उघडत असत. चार महिन्यांपूर्वी हैदराबादच्या मैत्रिणीनं बसनं पाठवला तेव्हा तुकडा अंगठ्याएवढा होता. पहिले दोन महिने तो शहाण्यासारखा वाढला. मग जो सुटला, तो दगड झाकून मागच्या काचेवर चढला. दर रविवारी कात्रीनं छाटावं, तर पुढच्या रविवारी जागा भरलेलीच.

हे प्रवाळ भराभर पसरतं हे दानेश्वरीला ठाऊक होतं. ती शाळेत विज्ञान शिकवायची. पण नुसत्या उजेडावर इतकं? भाजी चिरतानासुद्धा हा प्रश्न तिला सोडत नव्हता. आणि घरात कुणाला विचारायची सोय नव्हती, कारण घर लिंगायतांचं आणि सासू सिद्धव्वा अशा कडक, की अंड्याचा केकसुद्धा उंबऱ्याबाहेर.

टाकी आली त्या दिवशीच त्यांनी विचारलं होतं, "ह्यात जीव हाय का ग?"

"न्हाई आत्या. पाण्यातली रोपं हायत."

"मासे?"

"एकबी न्हाई."

मासे नव्हते हे खरं होतं. बाकीचं धडधडीत खोटं. प्रवाळ म्हणजे प्राणी, हे कळलं असतं तर टाकी आल्या पावली परत गेली असती. आणि या घरात नांदायला आल्यापासून दानेश्वरीच्या स्वतःच्या हौसेची अशी ही एकच वस्तू होती. नवऱ्याला, चन्नवीरला, सांगायला गेली तर त्यानं हात जोडले. "अव्वापुढं मला खोटं बोलाया जमत न्हाई. मला कायबी सांगू नको."

प्रवाळासाठी एक पूड मिळते. तिनं सुरुवातीला मागवली होती, पण पुडी फोडताच मासळीचा वास सुटला. तशीच गुंडाळून तिनं ती शाळेच्या वाटेवर फेकून दिली आणि पुढं सगळं उजेडावर सोडलं.

गंमत म्हणजे सिद्धव्वांनाच टाकीचा लळा लागला. गुडघे धरले म्हणून राजेश्वर गावची शेती बटईनं देऊन, बैलजोडी विकून त्या लेकाकडे आल्या होत्या. गावाकडे बैलांपुढं वैरण पडल्याशिवाय त्या कधी ताटावर बसल्या नव्हत्या. इथं हाताला कामच नाही. मग दुपारी जेवणाआधी त्या टाकीसमोर जाऊन उभ्या राहत. एकदा पाण्यात बोट घालून म्हणाल्या, "हात लावला की अंग चोरायलंय की ग हे."

"लाजाळूवाणी, आत्या," दानेश्वरी म्हणाली आणि स्वतःच्या हजरजबाबीपणावर खूश झाली.

आता मात्र तिनं छडा लावायचाच असं ठरवलं. पाणी बदललं, मिठाचं पुडकं बदललं, दिवा दोन तास कमी लावून पाहिला. नळी लाल ती लालच. शेजारच्या मांजरावर संशय घेतला, कारण ते हल्ली सारखं घरात शिरत होतं. पण ते टाकीकडे ढुंकूनही बघत नसे. नुसतं सिद्धव्वांच्या पायात घोटाळायचं.

"माझ्याच मागं कामून लागलंय काय की," सिद्धव्वा त्याला हाकलत म्हणायच्या.

बाजारच्या दिवशी त्या एकट्याच जात, कोथिंबिरीची जुडी घेऊन परतत आणि आल्या आल्या डोक्यावरून अंघोळ करत. धूळ लई, म्हणायच्या. तंबाखू सोडून दोन महिने झाले होते, तरी कमरेची चंची सुटली नव्हती. म्हातारपणीच्या सवयी, दुसरं काय! दानेश्वरीला त्यांचं कौतुकच वाटे.

बुधवारी सकाळी तिला पाण्यावर करडी पूड तरंगताना दिसली.

विभूती!

जेवणाआधीचं ते टाकीसमोर उभं राहणं तिला आठवलं. म्हणजे आत्यांना कळलं होतं. टाकीत जीव आहेत हे ओळखून त्या घर बाटू नये म्हणून विभूती टाकत होत्या. राख अशीच पडत राहिली तर सगळं प्रवाळ मरणार. राखेनं नळी लाल होत नाही, हे तिला सुचलंसुद्धा नाही. घाबरल्यावर विज्ञान कुठलं आठवायला!

अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती दुपारीच घरी आली. सिद्धव्वा टाकीपाशी उभ्या होत्या. झाकण बाजूला काढलेलं, आणि पाण्यावर धरलेल्या चिमटीत तीच करडी पूड.

"आत्या, थांबा! विभूती टाकू नका, मरतील ती!"

सिद्धव्वांचा हात जागीच थांबला.

दानेश्वरीला रडू आवरेना. "मी खोटं बोलले, आत्या. ती रोपं न्हाईत. जित्ते प्राणी हायत. तुम्ही म्हणताल तर टाकी आजच काढते, पण ह्यांना मारू नका."

सिद्धव्वांनी सुनेकडे नीट पाहून घेतलं. मग चिमूट शांतपणे पाण्यात सोडली, बोटं झटकली आणि कमरेची चंची सोडून तिच्या पुढ्यात उघडी धरली. तंबाखूच्या कप्प्यात कुटून बारीक केलेली सुकट होती. वास थेट नाकात गेला.

"दोन महिने वाट बघितली तुझी," त्या म्हणाल्या. "जनावरं आणून बांधलीस, अन् एक दिवस वैरण टाकली न्हाईस. दावण उपाशी ठिवून मी जेवू कशी ग?"