नळीवरची चिठ्ठी

आमच्या लॅबमधलं सीआरपीचं मशीन रक्तावरून अंगातली सूज सांगतं. दर तीन महिन्यांनी ते तपासायला मी माझंच रक्त घालते. नळीवर चिठ्ठी ठरलेली, ‘नॉर्मल’. सात वर्षांत आकडा पाचाच्या वर गेला नाही. आज शहाण्णव आला. “बिघडलं मेलं!” म्हणत मी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं तासभर खाटखूट केली, मग बाही वर सारली. “ताई, माझं घालून बघा.” त्याचा दोन आला. माझं पुन्हा घातलं, सत्त्याण्णव. “मशीन ठणठणीत आहे, ताई,” तो खाली बघत म्हणाला. दोन महिन्यांत आपोआप सहा किलो उतरले, म्हणून मी मैत्रिणींपुढे मिरवत होते. डॉक्टरांना दाखवायचं तर नळीवर पेशंटचं नाव हवं. मी ‘नॉर्मल’ची चिठ्ठी नखानं सोलायला लागले. ती काही निघेना, तेव्हा मी तिच्यावरच पेनानं माझं नाव लिहिलं.