पाच लाख दहा हजार पाचशे अकरा

"चार महिने माझ्याकडे, चार हिच्याकडे, चार धाकट्याकडे. नि:शेष भाग गेला. हे घर भाड्याने देऊन टाकू," थोरला बहिणीकडे बोट करत म्हणाला.

आई समोरच बसली होती. जन्मभर शाळेत गणित शिकवलेली बाई. जिन्यावरून पडून मोडलेला पाय जुळूनही आला होता, पण मुलांना तेवढं निमित्त पुरलं. आपल्याला कोणी साधं विचारलंसुद्धा नाही, याचा तिला संताप आला.

"आई, पुन्हा पडलीस तर?" मुलगी काकुळतीने म्हणाली.

"पडले तर उठेन. नाहीच उठता आलं तर बोलावेन. आणि बाराला भागलंत यात कसलं कौतुक? बारा म्हणजे धर्मशाळा. दोन या, तीन या, चार या, सहा या, कोणाला नाही म्हणत नाही. लिहा. पाच लाख दहा हजार पाचशे अकरा. ही वाटून दाखवा, मग मला वाटा. बाकी उरली नाही तर मुकाट्याने येते. मोबाइल बाजूला ठेवा."

तिघंही पन्नाशीला टेकलेली. पण आईने आकडा घातला की गणित सोडवल्याशिवाय उठायचं नाही, ही लहानपणापासूनची सवय. पेनं निघाली. थोरल्याने तीनने भागलं. बाकी एक. मुलीने सातने भागलं. बाकी एक. मग अकरा, तेरा, सतरा. मेला एक काही हटेना.

"अगं, ही मूळसंख्याच असणार!" थोरला वैतागला.

"नाही. पहिल्या सात मूळसंख्यांचा गुणाकार केला आणि त्यात एक मिळवला. त्या सातांनी कितीही ओढाताण करू दे, तो एक कोणाच्याच वाट्याला जात नाही." आईच्या आवाजात वर्गातली जरब आली होती.

धाकटा मात्र मान खाली घालून रेटत होता. एकदम त्याने टेबलावर थाप मारली.

"एकोणीस! एकोणीसने जातो. बाकी शून्य! चल आई, बॅग भर."

आईने कागद ओढून घेतला. भागाकार ओळीओळीने तपासला आणि खाली बरोबरची खूण केली.

"शाबास," ती म्हणाली. "आता आणखी सोळा भावंडं घेऊन या. तोवर मी माझ्या घरात."