मापं कुणी घेतली?

ड्यूगलनं तिसऱ्यांदा टेप लावली, तेव्हा इफीच्या मनात पाल चुकचुकली. सकाळी आठला आलेला माणूस. साडेनऊ झाले तरी त्यानं जुन्या खिडकीचा एक स्क्रू सैल केला नव्हता. नव्या पाच खिडक्या पुठ्ठ्यात गुंडाळलेल्या, भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यातल्या एकीचाच पुठ्ठा त्यानं फाडला होता, आणि चहाला तर हातही लावला नव्हता. आरब्रोथ गावात चहा गार होऊ देणारा सुतार तिनं आजवर पाहिला नव्हता.

“बसत नाहीत, मिसेस रेनी,” तो शेवटी म्हणाला. “लहान झाल्यात. दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच.”

आलं का, इफी मनात म्हणाली. ती याचीच वाट बघत होती. खिडक्या माझ्याकडूनच घ्या म्हणून हा महिनाभर मागे लागला होता. तिनं त्याला भीक घातली नाही, थेट कारखान्यातून मागवल्या. तुझं काम फक्त बसवायचं, असं तोंडावर सांगितलं होतं. आता उट्टं काढतोय लेकाचा.

“पाचही लहान?”

“पाचही. कारखान्याच्या चिठ्ठ्या बघितल्या मी. मापं कुणी घेतली?”

“घरात मिस्त्री असताना दुसरं कोण घेणार? ज्याच्या हाताखाली तू करवत धरायला शिकलास, त्यानंच.”

ड्यूगलच्या हातातली टेप सर्रकन आत गेली. त्यानं बंद दाराकडे पाहिलं. पलीकडे स्वयंपाकघरात इफीचा नवरा, आर्ची मिस्त्री, रेडिओ ऐकत बसला होता.

“मग कारखान्याचीच चूक असणार,” तो म्हणाला. “परत पाठवू त्यांना.”

इतक्या झटकन पलटला? कुठंतरी पाणी मुरतंय खास. इफीनं एप्रनच्या खिशातून आर्चीच्या ठसठशीत अक्षरातला कागद काढला आणि खिडकीवरच्या चिठ्ठीशी ताडून पाहिला. आकडा न् आकडा जुळत होता.

“कारखान्यानं सांगितलं तेच दिलंय,” ती म्हणाली. “खोटं का बोलतोस?”

ड्यूगल दारापासून दूर, तिच्याजवळ सरकला.

“मापं बाहेरून घेतलीत,” तो हळू आवाजात म्हणाला. “दगडी घरात चौकटीची कड बाहेरच्या दगडाआड दडलेली असते. बाहेरून दिसतं त्याहून भोक मोठं असतं. माप आतनं घ्यायचं. मिस्त्रींनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं मला. कान धरून.”

“आर्ची असली चूक करणार नाही.”

“नाहीच करणार,” ड्यूगल म्हणाला.

हा लबाड निघू दे, इफीला वाटलं. लुच्चा निघू दे, हलकट निघू दे. गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला घेऊन विचारलं होतं, अलीकडे आर्ची काही विसरतात का. तिनं ताडकन ‘छे’ म्हणून सांगितलं होतं. ड्यूगल खरं बोलत असेल, तर ती खोटं बोलली होती.

दार उघडलं. आर्ची आत आला, ड्यूगलला मान हलवून रामराम केला आणि काही न विचारता त्याच्या हातातली टेप घेतली. आधी नवी खिडकी मापली, मग आतून भिंतीतलं भोक. ऐंशीला टेकलेला माणूस, पण हात जरासुद्धा थरथरला नाही. इफीच्या जिवात जीव आला.

“बाहेरून घेतलंय माप,” आर्ची हसत म्हणाला. “कुठल्या गाढवाचं काम हे?”

ड्यूगल खाली वाकून फाटका पुठ्ठा गोळा करायला लागला. पुठ्ठा जरासाच होता, पण त्याचं गोळा करणं संपेना.

इफीनं कागद मुठीत चुरगाळला.

“माझं,” ती म्हणाली.

आर्चीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“अगं, मग मला सांगायचं ना,” तो म्हणाला. “मी घेऊन दिली असती.”