मामांच्या मुंग्या

ऑफिसातल्या वहिनींनी कॉम्प्युटरवर टूल चालवलं आणि कारखान्यामागची पायवाट नकाशावरून नाहीशी झाली.

सरकारी नकाशासाठी कॉम्प्युटरवर काढलेली जुनी कॅड ड्रॉइंग्ज जीआयएसमध्ये, म्हणजे रेषेरेषेला माहिती जोडलेल्या नकाशात, आणायचं काम चाललं होतं. कॅडमधली रेष ही नुसती रेष असते. इकडे आली की ती रस्ता होते, गटार होते, कुणाची तरी हद्द होते. टूल एकेक रेष उचलून आणतं, पण फार तोकडे तुकडे कचरा समजून गाळतं. आणि ही वाट तर सगळी तुकड्यांचीच होती. पायवाटेसाठी लागणारी तुटक रेष कॅडमध्ये तयार मिळते, पण ही ड्रॉइंग्ज काढणाऱ्या ऑफिसातल्या जुन्या मामांचा हात कागदावर बसलेला. त्यांनी एकेक बारकी रेघ वेगळी ओढली होती. अख्खं ऑफिस त्यांना ‘मामांच्या मुंग्या’ म्हणायचं आणि मामाही ते हसण्यावारी न्यायचे.

वाट गळतेय, हाताने जोडून घेते, असं वहिनींनी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, जोडू नका. कारखान्याची नवी भिंत तिथूनच जायची आहे. नकाशात वाटच नसली की कुणी आडवं येण्याचा प्रश्न नाही. शिवाय आपण कुठे काय पुसतोय, टूलनेच गाळलंय ना. हे सगळं अगदी गोड आवाजात. जाता जाता वहिनींचं कंत्राट याच महिन्यात संपतंय, याचीही त्यांनी आठवण करून दिली.

भिंत होणार होती तिच्या पलीकडे थोडी घरं आहेत. त्यातल्या एका घरात वहिनींची आई राहते. गुडघे सांभाळत ती याच वाटेने दवाखान्यात जाते. वाट बुजली तर तिला हायवेवरून वळसा, तोही ट्रकच्या गर्दीतून. वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले तेव्हा त्यांनी डबा बाजूला ठेवला आणि एक मुंगी दुसरीला जोडायला घेतली.

दुपारी साहेब बघायला आले. वहिनींनी वाटेवर एकदा क्लिक केलं. कारखान्याच्या कोपऱ्यापासून पार घरांपर्यंत अख्खी रेष उजळली.

“मी काय सांगितलं होतं?”

“टूलने गाळलं म्हणालात. आता टूल गाळत नाही.” वहिनी उठल्या आणि त्यांनी खुर्ची साहेबांकडे सरकवली. “नको असेल तर पुसा. पण तुमच्या लॉगिनने पुसा. पुसणाऱ्याचं नाव आत नोंदीत राहतं. तिथे माझं राहणार नाही.”

साहेबांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, बसले मात्र नाहीत. इकडेतिकडे बघत ते मामांकडे वळले. ड्रॉइंग तुमचं आहे, म्हणाले, तुम्हीच सांगा यांना, तिथे वाटबिट काही नाही, तुमच्या हातून चुकून पडलेल्या रेघा आहेत.

मामांनी सगळी नोकरी साहेबलोकांच्या होला हो करण्यात काढली होती. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मामांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला आणि ते उठून वहिनींच्या स्क्रीनपाशी आले. त्या सलग रेषेवरून त्यांनी एकदा बोट फिरवलं.

“वहिनी, रुंदीचा रकाना रिकामा राहिलाय,” ते म्हणाले. “दीड मीटर लिहा. दोन माणसं शेजारी शेजारी जातात तिथून.”

वहिनींनी साहेबांच्या हाताखालची खुर्ची ओढून घेतली, बसल्या आणि लिहायला लागल्या.