तिसरा अंतरा

बापूसाहेबांनी पस्तीस वर्षांपूर्वी कॅसेटसाठी एक गाणं लिहिलं होतं. पहिल्या अंतऱ्यात मुलगी नर्मदेत दिवा सोडायला नावेत बसते, दुसऱ्यात नाव मधल्या धारेत पोचते, तिसऱ्यात ती घरी परतते. पाण्यात नेलेल्या माणसाला गाणं संपायच्या आत काठावर आणायचंच, हा त्यांचा नेम होता.

नात इरावतीने तेच गाणं नव्याने गायलं. रीलसाठी, तीस सेकंदांचं. नाव मधल्या धारेत पोचते आणि गाणं संपतं.

“आणि ती परत कधी येते?” बापूसाहेबांनी विचारलं.

“आबा, तीन-तीन अंतरे कोण ऐकून राहिलं आता? लोकं लगेच पुढे सरकवतात.”

“काहून? एवढी कसली घाई? मधातच सोडलं तू तिला.”

“तेच तर आवडून राहिलं सगळ्यांना! अच्छा, चलो, निघते मी. नर्मदेवर ग्वारीघाटला शूट आहे, नावेत. सातपर्यंत येते.”

सात वाजले. आठ वाजले. बापूसाहेबांनी फोन लावला, तर पलीकडून इरावतीचाच आवाज आला. तिने ते गाणं कॉलर ट्यून म्हणून ठेवलं होतं. नाव मधल्या धारेत पोचली आणि गाणं तुटलं. फोन कोणी उचलला नाही. त्यांनी पुन्हा लावला. नाव पुन्हा निघाली, पुन्हा धारेत जाऊन थांबली.

चौथ्या वेळी, फोन कानाला तसाच धरून, तिसरा अंतरा म्हणायला बापूसाहेबांनी तोंड उघडलं. त्याचा पहिला शब्दच त्यांना आठवेना.